बंबाआधी पाणी : वर्धा जिल्ह्यातल्या एका आगीचा प्रकरण अभ्यास

एप्रिलमधल्या एका दुपारी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळल्या चाऱ्याच्या, दोन गंज्या, गुरांचा एक कोठा आणि कापूस भरून ठेवलेलं एक घर जळालं. माणूस कोणी दगावला नाही, एक गोऱ्हा मात्र गेला. गावापासून चोवीस किलोमीटरवर तालुक्याचं ठिकाण आहे. तिथल्या नगरपरिषदेकडे चांगल्या स्थितीतला अग्निशमन बंब आहे. तो बंब आला, त्यावरची माणसं जिवाची पर्वा न करता झटली, तरीही घर गेलं. असं का झालं, ते या प्रकरणातून नीट बघायचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. वेळा पोलीस पाटलांच्या मोबाईलमधल्या कॉलच्या यादीवरून, बंबाच्या लॉगबुकवरून आणि पोरांनी काढलेल्या व्हिडिओंवरून लावल्या आहेत.

आगीनंतरच्या ग्रामसभेत एकच मागणी झाली : "आम्हाले आमचा स्वतःचा बंब पायजे." मागणी रास्त आहे. ज्यांचं घर डोळ्यांदेखत जळालं त्यांनी दुसरं काय मागावं? पण त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडला तर वेगळीच गोष्ट दिसते. बंब अर्धा तास आधी आला असता, तरी त्याला पाणी कुठून पाजायचं, हा प्रश्न तिथंच उभा राहिला असता.

दुपारचा घटनाक्रम

हरभरा निघून गेला होता, पराटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून शेताच्या कडेला पडली होती. या दिवसांत आमच्याकडे धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळतात. गावालगतच्या शेतात असाच एक धुरा साडेबाराच्या पुढं पेटवला गेला. उन्ह तापलेलं, वारा पश्चिमेचा. पराटीच्या ढिगाला आग लागली आणि तिथून उडालेल्या ठिणग्या वाऱ्यानं गावाच्या अंगाला आल्या. १ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास पहिली गंजी पेटली. सोयाबीन आणि तुरीचं कुटार म्हणजे बारीक, पोकळ, कडकडीत वाळलेलं. दोन मिनिटांत दुसरी गंजीही गेली. मग शेजारचा तुराट्यांच्या कुडाचा कोठा.

कोठ्यात दोन बैल, एक गाय आणि गोऱ्हा बांधलेला होता. दावी नायलॉनची. आगीच्या धगीनं नायलॉन वितळतं आणि गाठ दगडासारखी घट्ट होते, हे तिथं हजर असलेल्या बाईनं पहिल्यांदा ओळखलं. गाठी सोडत बसलेल्या पोराला तिनं ओढून बाजूला केलं आणि विळ्यानं दावी कापली. बैल आणि गाय बाहेर आली. गोऱ्हा आतल्या कोपऱ्यात होता, तिथवर जाता आलं नाही. सुताचं किंवा अंबाडीचं दावं असतं तर गाठ सुटली असती, असं ती अजूनही म्हणते. तिचं म्हणणं मला पटतं.

कोठ्याला लागून घर. घराच्या पुढच्या खोलीत पस्तीसेक क्विंटल कापूस छताला भिडवून भरलेला होता. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवायचा, हे विदर्भात दर वर्षी घराघरात होतं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्या भावानं धरलं तरी ही खोली अडीच लाखांच्या वरची. म्हणजे वर्षाची कमाई, पोरीच्या लग्नाचा खर्च आणि सोसायटीचं कर्ज, सगळं त्या एका खोलीत. खिडकीला गज होते, काच नव्हती. ठिणगी तिथून आत गेली.

पोलीस पाटलांनी १ वाजून १२ मिनिटांनी मोबाईलवरून १०१ लावला. लागला नाही. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा नंबर गावात कोणाकडेच नव्हता. सरपंचबाईंनी तहसीलमधल्या ओळखीच्या कारकुनाला फोन केला, त्यानं कोतवालाला, कोतवालानं नगरपरिषदेतल्या शिपायाला. निरोप योग्य टेबलावर पोचला तेव्हा १ वाजून २६ मिनिटं झाली होती. चौदा मिनिटं फक्त नंबर शोधण्यात गेली. पुढं हद्दीबाहेर गाडी पाठवायची म्हणून वरच्या साहेबांना विचारावं लागलं. बंब १ वाजून ३३ मिनिटांनी निघाला आणि २ वाजून १४ मिनिटांनी गावात पोचला.

दरम्यान लाईनमनने एक काम अगदी बरोबर केलं. गंज्यांवरून ११ हजार व्होल्टची लाईन जात होती. ज्वाळा तारांपर्यंत जाऊन राहिल्या हे बघून त्यानं सबस्टेशनला फोन लावून फीडर बंद करवला. तार तुटून खाली पडली असती तर माणसं मेली असती. पण फीडर बंद झाला तशा गावातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी बंद झाल्या आणि नळयोजनेचा पंपही बंद झाला. आग लागली की वीज तोडायची, हे ठीक. वीज तुटली की पाणी तुटतं, याचा विचार गावानं कधी केलेला नव्हता.

पाच मिनिटांचं पाणी

बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची. ऐकायला मोठा आकडा वाटतो. त्र्याहत्तर वर्षांच्या घरधन्यांनी चालकाला विचारलं, "भाऊ, पाणी किती वेळ पुरते?" तो म्हणाला, "काकाजी, एक पाईप चालवला तर दहा मिनिटं. दोन चालवले तर पाच." हिशोब खरा आहे. ६३ मिलिमीटरच्या पाईपच्या टोकाला लावलेल्या साध्या नोझलमधून मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर पाणी जातं. बंबाचा पंप याहून कितीतरी ताकदीचा असतो, मिनिटाला १,८०० लिटर फेकू शकतो. त्या वेगानं टाकी अडीच मिनिटांत रिकामी होईल. म्हणजे बंबाच्या पोटातलं पाणी हे फक्त सुरुवात करण्यासाठी आहे. त्या पाच-दहा मिनिटांत मागून दुसरं पाणी जोडलं जाईल, असं गृहीत धरूनच ही गाडी बनवलेली असते.

घरापर्यंत बंब जाऊच शकला नाही. पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, दोन्ही बाजूंनी दाबलेला, त्यात पराटीचे ढीग. गाडी तोंडाशी उभी करून पंधरा-पंधरा मीटरचे पाईप एकाला एक जोडत न्यावे लागले. चार मिनिटांत पाणी सुरू झालं. दोन नोझल लावले, एक घराच्या दर्शनी भागावर, एक शेजारच्या घराच्या भिंतीवर. शेजारचं घर त्या पाच मिनिटांत वाचलं, हे श्रेय बंबाच्या माणसांचंच. २ वाजून २३ मिनिटांनी पाणी संपलं.

आता पाणी कुठून घ्यायचं? पुढचा पाऊण तास हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिला विचार सार्वजनिक विहिरीचा. बंबाला सक्शन पाईप असतो, जाड, कडक, टोकाला जाळी. तो विहिरीत सोडला, पाईपमधली हवा काढणारा प्रायमर सुरू केला, पाणी चढेना. पुन्हा जोड आवळले, पुन्हा केलं, चढेना. पंपात बिघाड आहे असं लोक ओरडू लागले. पंप ठणठणीत होता. अडचण खोलीची होती. सक्शननं पाणी चढतं ते हवेच्या दाबानं, आणि हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलू शकतो. जोडांमधली गळती आणि पाईपमधलं घर्षण धरलं तर प्रत्यक्षात सात-आठ मीटर, म्हणजे पंचवीस फुटांच्या आसपास. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचं पाणी पस्तीस-चाळीस फुटांवर गेलेलं असतं. कितीही महागडा बंब आणला तरी तो वरून ते पाणी ओढू शकणार नाही. विहिरीत पाणी दिसत होतं, पण त्या दुपारी ते बंबाच्या उपयोगाचं नव्हतं. हे कळायला सोळा मिनिटं गेली.

दुसरा विचार नळयोजनेच्या उंच टाकीचा. टाकीत अर्धं पाणी होतं आणि उंचावरून उतरायला विजेची गरज नव्हती. पण टाकीपासून बाहेर पडणाऱ्या मुख्य पाईपला बंबाचा पाईप जोडता येईल असं तोंडच नव्हतं. होता तो खांबावरचा अर्ध्या इंचाचा नळ. नळयोजना बघणाऱ्या माणसानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मिनिटाला पंधरा लिटर धरले तरी बंब भरायला पाच तास लागले असते.

तिसरा विचार एका बारावीतल्या पोराचा. त्याच्या काकाच्या शेतात सौर पंप बसला होता. पाच एचपीचा पंप, सूर्यावर चालणारा, त्याला फीडर बंद असल्याचं सोयरसुतक नाही. विहीर पांदणीपासून शंभरेक मीटर आत. हरभऱ्याला वापरलेले स्प्रिंकलरचे पाईप विहिरीवरच रचून ठेवलेले होते. सहा-सहा मीटरचे, एका टोकाला कुंडी, दुसऱ्या टोकाला कान. एक पाईप दुसऱ्यात घालायचा, कुंडी कानात अडकवायची, पुढं चालायचं. नोझलच्या जागा होत्या तिथं बुचं मारली. गावातली पोरं हे काम दर रब्बीत करतात, त्यांना सांगावं लागलं नाही. शेवटचा पाईप बंबाच्या छतावर चढवून वरच्या झाकणातून टाकीत सोडला आणि एकानं तो धरून ठेवला. मिनिटाला चारशे लिटरच्या घरात पाणी येऊ लागलं. तीन वाजून अठरा मिनिटांनी टाकी भरली. त्यानंतर बंब मधे मधे भरत राहिला आणि आग साडेचारच्या सुमारास आवरली. तोवर घराचं छत खाली आलं होतं.

आग दिवस मावळताना लागली असती, तर सौर पंपही चालला नसता. या गावाला त्या दिवशी पाणी मिळालं ते उन्हाच्या वेळेमुळे आणि एका पोराच्या डोक्यामुळे. व्यवस्थेचा त्यात काहीही वाटा नव्हता.

कापूस विझत नाही

रात्री दोनला खोलीतला ढीग पुन्हा पेटला. संध्याकाळी वरून तो काळा, ओला, थंड दिसत होता. कापसाच्या आगीची ही रीत आहे. वरचा थर भडकन जळतो, आणि मग आग आत शिरून धुमसत राहते, तासन्‌तास, कधी दिवसभर. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही, वरून घरंगळून जातं. जिनिंगमध्ये काम केलेला माणूस हे जाणतो : ढीग फोडायचा, बाहेर उघड्यावर पसरायचा, आणि उलटसुलट करून भिजवायचा.

रात्री तेच केलं. संत्र्याच्या बगीच्याला फवारणी करणारा एक जण ट्रॅक्टरवरचा पाचशे लिटरचा एचटीपी पंप, म्हणजे मोठ्या दाबानं फवारणारा पंप, घेऊन आला. टाकीत कपडे धुण्याची पावडर टाकली. साबणानं पाण्याचा ताण कमी होतो आणि ते कापसात मुरतं. लांब दांड्याच्या फावड्यांनी ढीग फोडत, त्या फवाऱ्यानं भिजवत, पहाटेपर्यंत काम चाललं. पाणी लागलं ते बंबाच्या मानानं अगदी थोडं. एचटीपीचा फवारा पेटत्या घराला पुरणार नाही, पण धुमसत्या कापसाला आणि नुकत्याच लागलेल्या गंजीला तो पुरतो. पहिल्या पाच मिनिटांत तो पंप गंजीशी असता तर? प्रश्न जरतरचा नाही. असे पंप गावात तीन आहेत, तिन्ही त्या दुपारी रिकाम्या टाकीनं उभे होते.

कापसाची हीच रीत मुंबईच्या अग्निशमन दलानं आपल्या इतिहासातल्या सगळ्यात काळ्या दिवशी अनुभवली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी कापसाच्या कप्प्यातून धूर दिसला. दलानं जहाजात शेकडो टन पाणी ओतलं. आग गाठींच्या आत होती, पाणी तिथवर गेलं नाही, आणि वर दारूगोळा असताना गाठी बाहेर ओढून फोडण्याची सोय नव्हती. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. तालुक्याच्या बंबावरही त्या दिवशी हार घालतात. कापूस पिकवणाऱ्या गावांनी तो दिवस आपला मानावा असं मला फार वाटतं, कारण त्या जवानांना ज्यानं हरवलं ती धुमसणारी कापसाची गाठ आमच्या घरात दर हिवाळ्यात मुक्कामाला असते.

मुंबईनं आधी काय केलं

ग्रामसभेत मुंबईच्या बंबांचं नाव निघालंच. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं असतं, उंच इमारतीला टेकलेली शिडी, पाण्याचा धबधबा. आज त्या दलाकडे नव्वद मीटरपर्यंत पोचणारे प्लॅटफॉर्म आहेत, गल्लीबोळांसाठी लहान गाड्या आहेत, तीसहून अधिक केंद्रं आहेत. पण त्या दलाचा इतिहास कोणत्या क्रमानं घडला, ते बघितलं पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. त्या शहरात कापसाची गोदामं होती, १८५४ पासून कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचल्यावर वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस थेट कुलाब्याच्या बाजारात उतरू लागला. जळण्यासारखा माल वाढत होता. त्याच काळात, १८६० मध्ये, विहारचं पाणी नळानं शहरात आलं. त्याआधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती, म्हणजे आज आमचं गाव आहे तशाच स्थितीत. जमिनीखालून दाबानं पाणी फिरू लागलं तेव्हाच रस्त्यावर कुठंतरी तोंड उघडून ते घेणं शक्य झालं. पुढं १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि जाळं वाढत गेलं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं अग्निशमन दल ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. आता आग लागली तर उत्तर कोणी द्यायचं, हे कागदावर लिहिलेलं होतं. दलाचा प्रमुख म्हणून लंडनच्या दलातला अधिकारी आणला गेला. तेव्हाचे बंब घोड्यांनी ओढायचे, पंप वाफेवर चालायचे आणि बॉयलर पेटवून वाफ धरेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागायचं. पहिला मोटार बंब आला तो १९०७ मध्ये. म्हणजे विहारचं पाणी आल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी आणि कायदा झाल्यावर एकोणीस वर्षांनी. आधी पाणी, मग जबाबदारी, मग यंत्र.

पाणी तुटलं की यंत्र किती लाचार होतं, ते लंडननं २९ डिसेंबर १९४० च्या रात्री पाहिलं. बॉम्बहल्ल्यात जमिनीखालचे मुख्य नळ फुटले आणि नेमकी थेम्सला ओहोटी होती. जगातल्या सर्वांत सुसज्ज दलांपैकी एक दल, शेकडो पंप, समोर नदी, आणि चिखल ओलांडून पाण्यापर्यंत सक्शन पोचेना. त्या युद्धात लंडननं रस्तोरस्ती, पडलेल्या इमारतींच्या तळघरांतसुद्धा, पाण्याचे उघडे हौद बांधले. नळ फुटला तरी पंपाला तोंड घालायला पाणी असावं, एवढाच हेतू. सार्वजनिक विहिरीवर सक्शन सोडून बसलेली आमची सोळा मिनिटं मला त्या रात्रीच्या जवळची वाटतात, आणि उपायही तिथलाच जवळचा वाटतो.

जबाबदारीचं म्हणाल तर गावांची स्थिती १८८८ च्या आधीच्या मुंबईसारखी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या अठरा विषयांत, अग्निशमन सेवा आहे. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या एकोणतीस विषयांत, ती नाही. त्यामुळे शेजारच्या शहराचा बंब आमच्याकडे येतो तो माणुसकीनं आणि प्रथेनं. याच विदर्भात, नागपूरला, १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरचे अधिकारी तिथं शिकून जातात. ज्ञान दोन तासांच्या अंतरावर आहे आणि ते गावापर्यंत यायला रस्ता नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातून बंब येतील, केंद्रं वाढतील. पंचवीस फुटांखालची विहीर मात्र कोणत्याही योजनेतल्या बंबाला तशीच नडेल.

गावानं काय ठरवलं

ग्रामसभा तीनदा बसली. पहिल्यांदा नुसता राग निघाला. ज्याच्या धुऱ्यावरून आग आली त्याला बोलावून घेतलं, तो मान खाली घालून बसला. घरधनी काकाजी त्याला म्हणाले, "बाबू, तुया मनात काही नव्हतं हे मले ठाऊक हाय. पण आता पुढं काय करायचं ते बोल." तिथून बैठकीची दिशा बदलली.

पहिला प्रस्ताव उंच टाकीला मोठं तोंड काढण्याचा होता. टाकीच्या धुलाईच्या पाईपवरून ऐंशी मिलिमीटरची शाखा रस्त्यापर्यंत आणायची आणि तिला हायड्रंटला (शहरात बंबासाठी ठेवलेल्या पाण्याच्या तोंडाला) असतं तसं ६३ मिलिमीटरचं फिमेल कपलिंग, म्हणजे बंबाचा पाईप आत बसेल असा जोड, बसवायचं. काम फार खर्चाचं नाही. पण आगीचे दिवस आणि टंचाईचे दिवस एकच. आगीसाठी टाकीत दहा हजार लिटर राखून ठेवा म्हटल्यावर बायकांनी हरकत घेतली. "तिसऱ्या दिवशी नळ येते, त्यातलंही आगीसाठी ठेवता काय?" सरपंचबाईंनी ही हरकत मोडून काढली नाही. त्यांनी ती मान्य केली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तिथं झाला. कपलिंग बसवायचं, पण राखीव पाणी प्यायच्या टाकीत ठेवायचं नाही.

राखीव पाणी ठेवलं ते ढोरांच्या हौदात. पांदणीच्या तोंडाशी जुना, फुटका हौद होता. तो दुरुस्त करून वाढवला : वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे साधारण बावीस हजार लिटर. हौद जमिनीलगत आहे, सक्शनला जेमतेम पाच-सहा फूट उचलायचं, त्यामुळे बंबाचा स्वतःचा पंप साडेचार हजारांची टाकी तीन मिनिटांत भरतो. एका कोपऱ्यात दीड फुटाचा खड्डा ठेवला, सक्शनची जाळी पूर्ण बुडावी म्हणून. जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. गाळ आणि तळ सोडला तरी तीन बंब पाणी हमखास मिळतं. हौद भरायला शेजारच्या सौर पंपाची लाईन जोडली. पोरं पडू नयेत म्हणून तीन बाजूंनी जाळी, ढोरांसाठी एक बाजू मोकळी आणि उथळ. डासांसाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडले.

पूर्ण झाल्यावर नगरपरिषदेचा बंब बोलावून प्रत्यक्ष भरून पाहिला. पहिल्या वेळी हौदाच्या कठड्याची धार सक्शन पाईपला लागत होती, ती घासून गोल करावी लागली. अशा गोष्टी कागदावर दिसत नाहीत. टाकीचं कपलिंगही तपासलं तेव्हा कळलं की आणलेला नग दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलेला आटेवाला होता, बंबाच्या पाईपला बसेना. बदलून आणला. कोणाला हे काम करायचं असेल तर खरेदीआधी आपल्या तालुक्याच्या बंबाच्या पाईपचं टोक हातात घेऊन पाहा, फोटो काढून दुकानात न्या.

फोनचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटला. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा थेट नंबर शाळेच्या भिंतीवर, डीपीच्या खांबाशेजारच्या पाटीवर आणि पिठाच्या गिरणीवर रंगवला. हद्दीबाहेर गाडी सोडण्याची परवानगी दर वेळी तोंडी घ्यायची नाही, आधीच लेखी असावी, असं पत्र ग्रामपंचायतीनं मुख्याधिकाऱ्यांना दिलं आहे.

धुरे जाळू नका असा ठराव करून कोणी ऐकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ठरलं ते असं : धुरा जाळायचा तर सकाळी आठच्या आत, वारा पडलेला असताना, आणि भरलेला एचटीपी पंप बांधावर उभा असताना. फेब्रुवारी ते जून तिन्ही पंपांच्या टाक्या फवारणी नसली तरी भरून ठेवायच्या, सोबत पावडरीची पुडी बांधलेली. पहिल्या वर्षी दोघांनी दुपारीच धुरे जाळले, त्यांना पोलीस पाटलांनी समज दिली. दंड लावायचा की नाही यावर अजून एकमत नाही. मी दंडाच्या विरोधात आहे. दंड लावला की माणूस आग लपवतो, आणि लपवलेली आग जास्त वाईट.

कापूस घरात ठेवू नका असं म्हणणं मला जमत नाही. भाव नसताना तो विकायला लावणं हे आगीइतकंच नुकसानीचं आहे. एवढंच सुचवलं की खिडकीला बारीक जाळीचा पत्रा मारा, ढीग छतापासून दोन हात खाली ठेवा, खोलीतली वायरिंग बंद करा, आणि गंजी घरापासून लांब रचा. बऱ्याच जणांनी जाळी मारली. गंज्या मात्र पुन्हा कोठ्याला टेकूनच रचल्या गेल्या. जागाच तेवढी आहे.

जळीताचा पंचनामा तलाठ्यांनी दुसऱ्याच दिवशी केला. आपत्ती मदतीच्या निकषांत आग बसते, तेव्हाच्या दरानं वासरामागे २०,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या कोठ्यामागे ३,००० रुपये. तीन हजारात तुराट्यांचा कूडही उभा राहत नाही. घरधन्यांनी पत्र्याची शेड टाकली ती व्याह्याकडून उसने घेऊन.

राहिला पांदण रस्ता. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून तो व्हावा असा ठराव झाला, अर्ज गेला, दोन शेतकरी हद्द सोडायला तयार नाहीत. एकाची बाजू मी ऐकून घेतली. त्याच्याकडे जेमतेम दोन एकर आहे आणि रस्ता सरळ केला तर दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, जातात. त्याला पर्यायी जागा द्यायचा प्रस्ताव आहे, मोजणीची फी भरली आहे, भूमापकाची तारीख यायची आहे. तोवर हौदापासून त्या टोकाच्या घरांपर्यंत पाईप अंथरावे लागतील. म्हणून ग्रामपंचायतीनं पुढच्या खरेदीत पंधरा मीटरचे सहा होज पाईप आणि एक नोझल घेण्याचं ठरवलं आहे. ते शाळेच्या खोलीत ठेवायचे की पोलीस पाटलांच्या घरी, यावर येत्या ग्रामसभेत बोलणं व्हायचं आहे. शाळेच्या खोलीची किल्ली सुट्टीच्या दिवसांत कोणाकडे असते, हे आधी ठरवा, असं मी लेखी कळवलं आहे.